धान्याचं मॅशिंग आणि दारूची गाळणी: छोट्या माल्ट डिस्टिलरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केमिकल इंजिनिअरिंगची मुलं, एमआयडीसीत स्टेनलेसची भांडी बनवणारे फॅब्रिकेटर आणि परवान्याच्या खटपटीत असलेले नवे उद्योजक मला वर्षभर जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. डिस्टिलरीतली भांडी बसवून ती चालू करून देणं हे माझं काम. सगळी उत्तरं एका घाण्याला ५०० किलो माल्ट (मोड आणून वाळवलेला जव) घेणाऱ्या आणि तांब्याच्या पॉट स्टिलवर (दारू उकळायचा हंडा) चालणाऱ्या कारखान्याला धरून दिली आहेत. साखर कारखान्यांना जोडलेल्या मळीच्या डिस्टिलऱ्यांचं गणित निराळं असतं, ते इथे नाही.

शब्दाचा एक घोळ आधीच मिटवतो. मराठीत दारूही ‘गाळतात’ आणि चहाही ‘गाळतात’. इथे गाळणं म्हणजे फक्त जाळी, कापड किंवा फिल्टरमधून काढणं. भट्टीवर वाफ करून थंड करण्याला मी ऊर्ध्वपातन म्हणेन. हा भेद का महत्त्वाचा, ते मिथेनॉल या विषारी अल्कोहोलच्या प्रश्नात येईल.

घरी किंवा शेतावर लहानसा संच लावून आधी प्रयोग करता येईल का?

नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे. एक लिटर केली की हजार, विकली की घरी ठेवली, याने फरक पडत नाही. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडूनच घ्यावा लागतो.

मॅशिंग मात्र दारू न करता शिकता येतं. दोन-तीन किलो माल्ट भरडा, झाकणाच्या मोठ्या थर्मास डब्यात ६४ अंशांवर तासभर ठेवा, गोड रस काढून त्याची घनता मोजा आणि तिथेच थांबा. यीस्ट घालायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे दहा वेळा करायला लावतो.

मॅशिंग म्हणजे नेमकं काय घडतं?

बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आजी नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, वाळवते आणि दळते. हे शंभर टक्के माल्टिंग आहे. मोड येताना दाण्यात विकरं, म्हणजे एन्झाइम तयार होतात. कोंब वाढायला लागणारी साखर ती दाण्यातल्या स्टार्चमधून मोकळी करतात. म्हणून मोड आलेल्या नाचणीची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ होते आणि बाळाला पचते.

डिस्टिलरीत दाणा जवाचा. मोड आणून वाळवलेला जव भरडून गरम पाण्यात घातला की दोन विकरं कामाला लागतात. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांत जोमात असतं आणि स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज तोडत जातं. अल्फा-अमायलेजला ७० च्या आसपासचं पाणी मानवतं, ते साखळी मधूनच कुठेही कापतं. दोघांनाही काम करायला वाव मिळेल अशा तापमानावर, म्हणजे ६३-६५ अंशांवर, आपण मॅश धरतो. मॅशची आम्लता ५.२ ते ५.६ पीएचमध्ये असावी. तासाभराने थेंबभर रसात आयोडीन टाकून पाहा. निळं-काळं झालं तर स्टार्च अजून शिल्लक आहे.

५०० किलोच्या घाण्याला भांडी किती मोठी लागतात?

पहिलं पाणी किलोला ४ लिटर, म्हणजे २,००० लिटर. त्यात भिजलेल्या धान्याचे साधारण ३५० लिटर. वर मोकळी जागा धरून मॅशचं भांडं ३,००० लिटरचं घ्या. धुवून काढलेला रस धरून फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या टाकीत, सुमारे २,५०० लिटर जाईल. तो आंबून ८ टक्के अल्कोहोलच्या आसपास पोचला तर घाण्यामागे २०० लिटर शुद्ध अल्कोहोलचा हिशेब होतो. स्कॉटलंडमध्ये उत्तम माल्टच्या टनामागे ४१० लिटरची अपेक्षा धरतात. आपल्याकडच्या सहा ओळींच्या जवात (कणसावर दाण्यांच्या सहा ओळी) स्टार्च कमी आणि प्रथिनं जास्त असतात, त्यामुळे तेवढं पडत नाही. परवान्याच्या कागदांवर उताऱ्याचा आकडा लिहिताना हे विसरू नका.

लिटरपेक्षाही महत्त्वाचा आहे भांड्याचा व्यास, आणि नेमकी इथेच सर्वात जास्त चूक होते. गाळणीच्या दर चौरस मीटरवर १५० ते २०० किलो माल्टचा थर बसावा. ५०० किलोला २.८ चौरस मीटर, म्हणजे १.९ मीटर व्यासाचं पसरट भांडं. फॅब्रिकेटरला उंच आणि अरुंद टाकी सोयीची वाटते, कारण जागा कमी लागते आणि दूधटाकीचा साचा तयार असतो. तेच ५०० किलो १.२ मीटर व्यासात भरले तर दर चौरस मीटरवर ४४० किलोचा भार पडतो. मग रस खाली येतच नाही.

गावातल्या पिठाच्या गिरणीतून माल्ट दळून आणलं तर चालेल का?

अजिबात नको. आपल्याला पीठ नको, भरड हवी. भरडीत वजनाने साधारण २० टक्के फोलपट, ७० टक्के रवा आणि १० टक्के पीठ असावं, हे स्कॉटिश कारखान्यांचं जुनं प्रमाण. फोलपट शाबूत राहिलं तर मॅशच्या तळाशी तेच गाळणीचं काम करतं. जाळी फक्त फोलपटाला धरून ठेवते, रस गाळतं ते फोलपट. जात्याच्या गिरणीत फोलपटाचा भुगा होतो आणि पुढचं सगळं बिघडतं.

चार रोलरची गिरणी घेणं परवडत असेल तर तीच घ्या. वरची जोडी दाणा फोडते, खालची जोडी रवा मोकळा करते. स्कॉटलंडमध्ये लीड्सच्या पोर्टियस कंपनीच्या जुन्या गिरण्या अनेक पिढ्या झाल्या तरी चालताना दिसतात. दोन रोलरवरही काम होतं, पण आपल्या सहा ओळींच्या जवाचे दाणे लहान-मोठे असतात, म्हणून आधी चाळून घ्या. रोज पहिल्या पाच किलोनंतर गिरणी थांबवून चाळण्यांच्या पेटीत भरड तपासा.

गिरणीआधी लोहचुंबक आणि खडे काढणारी चाळण हवीच. रोलरमध्ये खिळा गेला की ठिणगी पडते, आणि हवेत उडालेल्या धान्याच्या धुळीचा स्फोट होतो. जळालेल्या पिठाच्या गिरण्यांचा हाच इतिहास आहे. ही पायरी कुणी खर्च वाचवायला गाळली, तर मी तिथे काम करत नाही.

मॅश टन, लॉटर टन आणि मॅश फिल्टर यांत फरक काय?

टन म्हणजे इथे भांडं, वजन नाही. जुन्या मॅश टनमध्ये एक आडवा दांडा गोल फिरतो आणि त्यावरचे फाळ मॅश ढवळतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या ब्रुइकलॅडी डिस्टिलरीत १८८१ सालचा उघडा बिडाचा टन आजही वापरात आहे. ढवळल्यामुळे थर मोडतो, रस थोडा गढूळ येतो, आणि वेळ लागतो.

लॉटर टनमध्ये फाळांच्या जागी पातळ सुऱ्या असतात. त्या थर ढवळत नाहीत, हळूच चिरतात. पूर्ण लॉटरमध्ये सुऱ्यांचा दांडा वर-खाली होतो, सेमी-लॉटरमध्ये नुसता फिरतो. छोट्या कारखान्याला सेमी-लॉटर पुरतो.

मॅश फिल्टर म्हणजे कापडी पडद्यांच्या उभ्या चौकटींची रांग. धान्य हॅमर मिलमध्ये (हातोड्यांनी कुटणारी गिरणी) पीठ होईपर्यंत दळायचं आणि दाबाने पिळून रस काढायचा. फोलपटावर भिस्तच नाही. स्कॉटलंडच्या हायलँड्समधलं टीनिनिक आणि फाइफमधलं इंचडेअर्नी ही दोन कारखान्यांची नावं यासाठी घेतली जातात. इंचडेअर्नीत राय हे गव्हासारखं धान्य वापरतात, आणि रायला फोलपट नसल्याने तिथे हे यंत्र शोभतं. ५०० किलोसाठी मात्र ते महाग पडेल.

पाणी किती गरम घ्यायचं?

मॅश ६४ अंशांवर बसवायचा, तर पाणी त्याहून गरम लागतं, कारण थंड माल्ट उष्णता खेचून घेतं. माल्टची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे ०.४ पट. किलोला ४ लिटर पाणी आणि ३० अंशांचं माल्ट असेल, तर ६४ अधिक (०.४ ÷ ४) × (६४ − ३०), म्हणजे ६७.४ अंश. नाशिकच्या डिसेंबरात पहाटे गोदामातलं माल्ट १५ अंशांवर असेल, तर तेच ६८.९ होतं. दीड अंशाचा फरक किरकोळ वाटतो, पण बीटा-अमायलेजला तो जाणवतो. म्हणून माल्टच्या ढिगातही थर्मामीटर खुपसून पाहा. याशिवाय भांडं आधी गरम करून घ्या, नाहीतर स्टेनलेस स्वतःच अंश-दोन अंश खातं.

पहिला रस निघाला की दुसरं पाणी ७० ते ७५ अंशांवर, तिसरं ८० ते ८५ वर. तिसऱ्या पाण्यात साखर थोडी असते, ते आंबवायला न पाठवता पुढच्या घाण्याचं पहिलं पाणी म्हणून वापरतात. स्कॉटलंडमध्ये ते टाकीत निवांत पडून राहतं. आपल्याकडे ते कोमट होऊन रात्रभर राहिलं की सकाळी आंबट वास येतो. ते ६० अंशांखाली उतरू देऊ नका, किंवा त्याच दिवशी पुढचा घाणा लावा.

२,००० लिटर पाणी २७ वरून ६८ अंशांवर न्यायला ९५ युनिट ऊर्जा लागते, तीही भांड्यातली गळती न धरता. विजेचा हीटर की वाफ, हा निर्णय या आकड्यावरून घ्या. बॉयलर घेतलात तर त्याची सरकारी नोंदणी आणि तपासणी वेगळी.

माल्ट घालताना गुठळ्या होतात. काय करू?

उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं तर पिठल्याचं जे होतं तेच इथे होतं. बाहेरून चिकट कवच, आत कोरडं पीठ. त्या पिठापर्यंत विकरं पोचत नाहीत आणि तेवढी साखर बुडाली. उपाय असा की माल्ट आणि पाणी भांड्यात पडण्याआधीच भेटले पाहिजेत. नळकांड्यात मळसूत्री दांडा फिरवून दोन्ही एकत्र करणारं स्टील्स मॅशर हे जुनं स्कॉटिश यंत्र याचसाठी आहे. लहान कारखान्यात उभ्या नळीतून भरड खाली पडत असताना भोवतीच्या छिद्रांतून गरम पाणी फवारलं, तरी पुरतं. आणि जाळी बुडून दोन बोटं वर येईल इतकं गरम पाणी आधी तळाशी घ्यायचं, म्हणजे जाळीच्या फटींत कोरडं पीठ अडकत नाही.

मॅश बसला. रस खाली येतच नाही. आता?

आधी पंप बंद करा. लोक नेमकं उलटं करतात. रस येत नाही म्हणून पंपाचा वेग वाढवतात, खालून ओढ बसते, आणि थर जाळीवर आणखी दाबला जातो.

एका नव्या कारखान्यात पहिल्याच घाण्याला मी हे भोगलं आहे. भांडं उंच आणि अरुंद, भरड जवळजवळ पीठ, वर अननुभवी हात पंपाच्या नॉबवर. सकाळी आठला लावलेला मॅश संध्याकाळी सातपर्यंत अर्धाही उतरला नव्हता. थंड होत गेला तसा घट्ट होत गेला. शेवटी पाच जणांनी फावड्यांनी तो चिखल उपसला. भांड्याचं रेखाचित्र मी आधी पाहिलं होतं आणि व्यासाबद्दल आग्रह धरला नव्हता, याची खंत मला आजही आहे.

बसलेल्या मॅशवरचा इलाज असा. रस काढणं थांबवा, खालून ७५ अंशांचं पाणी हळूहळू वर चढवा, थर जाळीपासून उचलला जाऊ द्या. सुऱ्या एकदोन फेरे फिरवा. वीस मिनिटं थांबा, थर पुन्हा बसू द्या, आणि नळ अगदी बारीक उघडून सुरुवात करा. गढूळ पहिला रस परत वरून सोडा. मॅश गार झाला असेल तर आधी तापमान वाढवा, गार मॅशचा चिकटपणा जास्त असतो.

कायमचा उपाय म्हणजे जाळी आणि पंपाच्या मध्ये एक छोटी टाकी ठेवणं. रस स्वतःच्या वजनाने त्या टाकीत पडतो आणि पंप टाकीतून घेतो, म्हणजे थराला ओढ बसतच नाही. जाळीच्या फटी ०.७ ते १ मिलिमीटर रुंद असाव्यात, वर अरुंद आणि खाली रुंद होत जाणाऱ्या, म्हणजे कण अडकत नाही. गोल छिद्रांचा पत्रा स्वस्त पडतो, पण तो लवकर बुजतो.

रस गाळलाच पाहिजे का? अमेरिकेत तर गाळत नाहीत ना?

बरोबर. केंटकी-टेनेसीकडे मका, राय आणि माल्ट यांचा सगळा रगडा तसाच आंबवतात आणि भट्टीतही तसाच जातो. उंच नळकांड्यासारख्या कॉलम स्टिलला ते जमतं. आतून वाफेच्या नळ्या असलेल्या साध्या पॉट स्टिलमध्ये तो रगडा घातला, तर धान्य नळ्यांवर चिकटून करपतं, आणि करपलेला वास पुढे कुठलीही गाळणी काढत नाही. रगडा आंबवायचा असेल, तर स्टिलला बाहेरून वाफेचं जॅकेट आणि आत सतत फिरणारी रवी हवी. माल्ट व्हिस्कीसाठी माझं मत गाळण्याच्या बाजूने आहे. स्वच्छ रसातून येणारा फळांचा सुगंध गढूळ रसातून येत नाही.

ज्वारी, मका, तांदूळ किंवा नाचणी वापरता येईल का?

येतील, पण यंत्रं बदलतात. जवाचं स्टार्च ६०-६५ अंशांतच फुगतं, म्हणजे विकरं जिवंत असतानाच. ज्वारी आणि तांदळाचं स्टार्च फुगायला ७० च्या वर जावं लागतं, आणि तिथे बीटा-अमायलेज मरतं. म्हणून ही धान्यं आधी वेगळ्या कुकरमध्ये ९०-१०० अंशांवर शिजवायची, मग ६५ पर्यंत थंड करून माल्ट किंवा बाहेरची विकरं घालायची. स्कॉच व्हिस्कीच्या २००९च्या नियमांत बाहेरची विकरं चालत नाहीत, भारतीय धान्य डिस्टिलऱ्यांत ती सर्रास वापरतात.

मळणीत ज्वारीचं फोलपट निघून जातं. गाळायचं झालं तर वरून फोलपट घालावं लागतं, वजनाच्या २ ते ५ टक्के भाताचं तूस. आपल्याकडे तुसाला तोटा नाही. धुवून, वाळवून घ्या, नाहीतर सगळी धूळ मॅशमध्ये जाते.

एक धोका मात्र ठळकपणे सांगतो. मोड आलेल्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य वाढतं आणि त्यातून सायनाइड मोकळं होऊ शकतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, ते याच द्रव्याने. मोडाची ज्वारी वाळवून कोंब-मुळं रगडून पूर्ण काढल्याशिवाय आणि प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय वापरू नका. मोड न आणलेली ज्वारी शिजवणं जास्त सुरक्षित.

उन्हाळ्यात रस थंड कसा करायचा?

मे महिन्यात टाकीतलं पाणीच ३०-३२ अंश असतं, प्लेट हीट एक्स्चेंजर (पत्र्यांच्या एका बाजूने रस, दुसऱ्या बाजूने थंड पाणी) रस त्याखाली नेऊ शकत नाही. दोन टप्पे करा. आधी साध्या पाण्याने ३५ पर्यंत, पुढे चिलरच्या पाण्याने २५ पर्यंत. फर्मेंटरलाही जॅकेट हवं, कारण आंबताना रस स्वतःच तापतो आणि ३४-३५ च्या वर यीस्ट थकतं. पहिल्या टप्प्यातून निघालेलं गरम पाणी नाल्यात सोडू नका, पुढच्या मॅशला तेच वापरा.

भांडी ३०४ जातीच्या स्टेनलेसची की ३१६ ची? आणि तांबं कुठे?

मॅश आणि फर्मेंटरला ३०४ पुरतं. विहिरीच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर गरम पाण्याची टाकी ३१६ ची. वेल्ड आतून आर्गॉन सोडून केलेला आणि घासून गुळगुळीत हवा, खडबडीत वेल्डमध्ये आंबटपणा घर करतो.

तांबं स्टिलमध्ये लागतं, ते शोभेसाठी नाही. आंबवणात तयार झालेली गंधकाची संयुगं तांबं धरून ठेवतं. पूर्ण स्टेनलेसच्या स्टिलमधून येणाऱ्या दारूला उकडलेल्या कोबीसारखा वास राहतो.

धुताना टाकी आत पिचकली. असं का झालं?

दोन कारणं. फर्मेंटरमध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेला असताना धुण्याचं कॉस्टिक सोड्याचं पाणी फवारलं, तर कॉस्टिक तो वायू शोषून घेतं आणि आत निर्वात पोकळी होते. किंवा गरम टाकीवर झाकण लावून थंड पाणी मारलं, वाफ विरली, बाहेरच्या हवेने टाकी चेपली. झाकण उघडं ठेवा, आधी हवा खेळू द्या, आणि निर्वात झडप बसवा. आणि माणूस आत उतरण्याआधी वायू तपासा. कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. सहकाऱ्याला वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही त्यात जातो.

फिल्टरने दारूतलं मिथेनॉल निघतं का?

नाही, आणि हा या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे. मिथेनॉल पाण्यासारखं पूर्ण विरघळलेलं असतं. कापड, कागद, कार्ट्रिज यांतून ते सरळ निघून जातं. सक्रिय कोळसाही त्याला इथेनॉलपेक्षा कमी धरतो. ‘दारू दोनदा गाळली की शुद्ध होते’ हे वाक्य गाळणं या शब्दाच्या दुहेरी अर्थातून आलं आहे, आणि त्याने माणसं मरतात.

धान्यातून मिथेनॉल नाममात्रच बनतं, कारण ते पेक्टिनपासून येतं आणि पेक्टिन फळांत जास्त असतं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. औद्योगिक मिथेनॉल एकदा मिसळलं की कुठल्याही गाळणीने ते सुटत नाही. विषारी दारू प्यायल्याची शंका असेल, डोळ्यांपुढे धूसर दिसत असेल, तर त्या माणसाला तसाच दवाखान्यात न्या. काही तासांचा उशीरही दृष्टी किंवा जीव घेतो.

मग गाळायचं कशासाठी?

व्हिस्की मुरवायच्या लाकडी पिंपातल्या कोळशाचे तुकडे, लाकडाचे कण, गढूळपणा, एवढ्यासाठी. पिंप रिकामं करताना साधी स्टेनलेसची जाळी, बाटलीआधी ५ मायक्रॉन आणि मग १ मायक्रॉनचं कार्ट्रिज. ४० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असताना जंतूंची भीती नाही, त्यामुळे वाइनसारखं ०.४५ मायक्रॉनपर्यंत जायची गरज नसते.

ऊर्ध्वपातनात दारूचा शेवटचा, बाजूला काढायचा भाग उशिरा तोडला, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा, घामट वास मधल्या, ठेवायच्या भागात उतरतो. तो गाळणीत काढू असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की तोडणीची वेळ सुधारा. तो वास काढेल इतका कोळसा घातलात, तर जवाचा गंधही सोबत जाईल.

चिल फिल्टरेशन करावं की नाही?

माल्ट व्हिस्कीत इथाइल लॉरेट, इथाइल पामिटेट असे लांब साखळीचे एस्टर, म्हणजे चव-सुगंध देणारी संयुगं, असतात. जास्त अल्कोहोलमध्ये ते विरघळलेले राहतात, पाणी घातलं किंवा थंड केलं की धुक्यासारखे वर येतात. म्हणून व्हिस्की ० ते उणे ४ अंशांवर नेऊन सेल्युलोजच्या पॅडमधून गाळतात आणि धुकं आधीच काढून टाकतात.

४६ टक्के आणि त्यावर बाटलीबंद केली तर हे धुकं सहसा दिसत नाही. भारतात चालत आलेलं प्रमाण ४२.८ टक्के, म्हणजे जुन्या ब्रिटिश मोजमापातलं ७५ प्रूफ. त्या प्रमाणावर फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली गढूळ होऊ शकते आणि ग्राहक ती भेसळ समजून परत आणतो. तुमची पहिली माल्ट असेल तर ४६ वर भरा आणि लेबलवर स्पष्ट लिहा, हा माझा सल्ला. एस्टर काढले की तोंडातला जाडपणाही थोडा जातो. बेंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये ग्लासगोत आपली सिंगल माल्ट आणली आणि पुढे गोव्याच्या कुंकळ्ळीतून पॉल जॉन आली. भारतीय जवाच्या चवीला जगात ग्राहक आहे, ती चव पॅडमध्ये सोडून येण्याचं कारण मला दिसत नाही.

करायचंच असेल तर फार खाली जाऊ नका. पॅड आधी मऊ पाण्याने आणि मग थोड्या व्हिस्कीने धुवा, नाहीतर पहिल्या पन्नास बाटल्यांना पुठ्ठ्याची चव येते.

कोळशाचा फिल्टर कधी वापरायचा?

व्होडका आणि जिनच्या तटस्थ अल्कोहोलला. कोळसा द्रवातला रंग आणि वास धरतो हे योहान टोबियास लोविट्झ याने सेंट पीटर्सबर्गमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहिलं, आणि रशियाच्या व्होडकाने ते उचललं. टेनेसीत जॅक डॅनियल्सची कच्ची व्हिस्की पिंपात जाण्याआधी साखरमेपलच्या कोळशाच्या १० फूट थरातून थेंब-थेंब उतरते. २०१३ पासून टेनेसी व्हिस्कीला कायद्याने हे बंधनकारक आहे, फक्त प्रिचर्ड्स या डिस्टिलरीला सूट आहे.

आपल्याकडे नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा सहज मिळतो आणि त्याची बारीक छिद्रं या कामाला उत्तम. आम्लाने धुतलेला घ्या, नाहीतर राखेतले क्षार दारूत उतरतात. अल्कोहोल ४०-५० टक्क्यांवर आणून मगच सोडा, ९६ टक्क्यांवर कोळसा फारसं धरत नाही. प्रवाह संथ ठेवा. कोळशानंतर १ मायक्रॉनचं कार्ट्रिज लावाच, काळी पूड बाटलीत दिसली की सगळं संपलं.

बाटलीत पांढरा साका बसतो.

पाणी. दख्खनच्या बोअरवेलचं पाणी कठीण असतं, त्यातले कॅल्शियमचे क्षार अल्कोहोलमध्ये हळूहळू खाली बसतात, कधी कधी महिन्याभराने. दारू पातळ करायला आरओ किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणीच वापरा, मिसळून दोन-तीन दिवस स्थिर ठेवा आणि मग गाळा. मॅशला उलट थोडं कॅल्शियम चांगलंच, पण नगरपालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन आधी कोळशावर काढा. क्लोरीन आणि माल्ट भेटले की औषधासारखा वास येतो.

व्हिस्की काळपट-हिरवट झाली.

कुठेतरी लोखंड लागलं. पिंपातलं टॅनिन आणि लोह मिळून शाईसारखा रंग होतो, पूर्वी शाई अशीच करत. एखादा एमएसचा (साध्या पोलादाचा) निपल, गंजका बोल्ट किंवा पंपाचं आवरण शोधा.

नळ्या आणि गॅस्केट कोणती?

टेफ्लॉन, किंवा अन्नासाठी प्रमाणित ईपीडीएम रबर. बागेचा पीव्हीसी पाइप कधीच नको. अल्कोहोल त्यातलं प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन खेचून घेतं. २०१२ मध्ये चीनमध्ये एका नामांकित बायजिऊत (तिथली धान्याची दारू) असंच रसायन सापडलं आणि बाजार हादरला.

फिल्टरची खोली साधी असली तर चालेल?

नाही. ४० टक्के दारूची वाफ साधारण २६ अंशांवर पेट घेऊ शकते. पुण्याच्या एप्रिलमध्ये खोलीचं तापमान त्याच्या वरच असतं. पंपाची मोटर, दिवे, स्विच सगळं ज्वालारोधक, नळ्या आणि टाक्या अर्थिंग केलेल्या, हवा जमिनीलगत ओढून बाहेर टाकणारी यंत्रणा, कारण वाफ हवेपेक्षा जड असते. मोबाईल दाराबाहेर.

पैसे मोजके आहेत. कुठे घालू?

क्रमाने: गिरणी, योग्य व्यासाचा लॉटर, चांगले थर्मामीटर, चिलर. मग स्टिल. फिल्टर सर्वात शेवटी, आणि सर्वात साधा. नवे लोक याच्या उलट क्रमाने येतात, कारण फिल्टर चकचकीत दिसतो आणि भरड कुणाला दाखवता येत नाही.

उरलेल्या चोथ्याचं काय करायचं?

५०० किलो माल्टमागे साधारण ६०० किलो ओला चोथा निघतो, बहुतेक पाणीच. प्रथिनं आणि तंतू असल्याने दुभत्या जनावरांना तो चांगला, आणि गोठेवाले तो आवडीने नेतात. पण आपल्या उन्हात तो दुसऱ्या दिवशी आंबतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो, बुरशीचा चोथा जनावराला घालू नये. पहिला घाणा लावण्याआधी गोठेवाल्याशी बोलून ठेवा, आणि मॅश अशा वेळी लावा की त्याचा टेम्पो दारात उभा असतानाच चोथा बाहेर पडेल.